कोलकात्याचा टाउन हॉल : एका सार्वजनिक वास्तूची दोन शतके

कोलकाता शहरात राज्यपालांच्या निवासस्थानाच्या पश्चिमेस रोमन डोरिक शैलीतील एक दुमजली वास्तू उभी आहे. दक्षिणेकडे रुंद पायऱ्या, त्या चढून गेल्यावर उंच स्तंभांची रांग आणि पलीकडे प्रशस्त दालने, असे तिचे स्वरूप आहे. तिच्या एका अंगाला उच्च न्यायालय आणि समोरच्या बाजूस विधानसभेची इमारत आहे. शासन, न्याय आणि विधिनिर्मिती या राज्यसंस्थेच्या तिन्ही अंगांच्या मधोमध उभ्या असलेल्या या वास्तूचे नाव टाउन हॉल. कधी न्यायालयाने तिच्यात आसरा घेतला, कधी विधिमंडळाने. तथापि तिची ओळख या दोहोंमुळे झाली नाही. शहरातील लोकांनी एकत्र जमावे, अध्यक्ष निवडावा, ठराव मांडावा, त्यावर वाद घालावा आणि शेवटी हात वर करून आपले मत नोंदवावे, एवढ्या साध्या व्यवहारासाठी ती प्रसिद्ध झाली. हा व्यवहार तिथे कोणी कोणासाठी सुरू केला आणि पुढे तो कोणाच्या हाती गेला, याचा मागोवा घेणे म्हणजे एकोणिसाव्या शतकातील भारतीय सार्वजनिक जीवनाच्या घडणीचाच मागोवा घेणे होय.

महाराष्ट्रातील वाचकाला अठराव्या शतकातील कलकत्ता आठवते ते प्रामुख्याने ‘मराठा डिच’ या नावामुळे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा, १७४२ साली, त्यांच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. मराठ्यांची फौज शहरावर आली नाही आणि खंदकही पुरा झाला नाही. जवळजवळ साठ वर्षे तो तसाच अर्धवट पडून होता. १७९९ मध्ये त्याचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड तयार करण्यात आला. खंदकाची जागा रस्त्याने घेणे हे त्या काळातील बदलाचे उत्तम निदर्शक आहे. टिपू सुलतानाचा पाडाव त्याच वर्षी झाला होता. ईस्ट इंडिया कंपनी आता तटबंदीआड दबून राहणारी व्यापारी मंडळी राहिली नव्हती. ती राज्यकर्ती झाली होती. लॉर्ड वेलस्लीने १७९९ ते १८०३ या काळात भव्य गव्हर्नमेंट हाउस बांधवून घेतले ते याच अभिमानापोटी. त्याच्या शेजारी शहराचे सभागृह हवे, ही कल्पना मात्र त्याहून जुनी होती.

कलकत्त्यातील युरोपीय समाजाचे नृत्यसमारंभ, मेजवान्या आणि सभा पूर्वी ‘ओल्ड कोर्ट हाउस’ या इमारतीत होत असत. ती जीर्ण झाल्यामुळे १७९२ साली पाडण्यात आली. आज त्या जागी सेंट अँड्र्यूज चर्च आहे. इमारत गेल्यावर एकत्र जमण्यास जागा उरली नाही, म्हणून नव्या सभागृहाची मागणी पुढे आली. परंतु पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न होता. कंपनी सरकारने तिजोरी उघडली नाही आणि नागरिकांनीही नुसत्या वर्गणीवर विसंबून राहण्याचे टाळले. त्या काळी कलकत्त्यात सार्वजनिक कामासाठी निधी उभा करण्याचा एक रूढ मार्ग होता, तो म्हणजे लॉटरी. तिकिटे विकावीत, सोडत काढावी, भाग्यवंतांना बक्षिसे द्यावीत आणि उरलेली रक्कम कामासाठी वापरावी, अशी ही पद्धत. पुढे १८१७ मध्ये त्यासाठी रीतसर लॉटरी कमिटीच नेमण्यात आली आणि शहरातील कित्येक रस्ते व तलाव तिच्या पैशातून झाले. इंग्लंडमधील लोकमत या जुगारी निधीविरुद्ध गेल्यावर १८३६ मध्ये ती पद्धत बंद पडली. टाउन हॉल हे या लॉटरीचेच अपत्य. सुमारे सात लाख रुपये खर्चून १८१३ मध्ये तो पुरा झाला.

बांधकामाची जबाबदारी जॉन गार्स्टिन या लष्करी अभियंत्यावर होती. पाटण्याचे सुप्रसिद्ध गोलघर, म्हणजे १७८६ साली पुरे झालेले ते अवाढव्य घुमटाकार धान्यकोठार, याच गार्स्टिनची निर्मिती. १७७० च्या भीषण दुष्काळानंतर बंगाल प्रांतात धान्य साठविण्यासाठी त्याने गोलघर बांधले, आणि त्यानंतर पाव शतकाने राजधानीतील सुखवस्तू गोऱ्या समाजासाठी टाउन हॉल बांधला. एकाच अभियंत्याच्या या दोन वास्तू कंपनीच्या राज्याची दोन टोके दाखवितात. ज्या जागेवर हे सभागृह उभे राहिले, तेथे पूर्वी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हाइड यांचे निवासस्थान होते. गार्स्टिन १८२० मध्ये कलकत्त्यातच मरण पावला.

मुंबईच्या टाउन हॉलशी या वास्तूचे नाते लक्षात घेण्याजोगे आहे. मुंबईतही साहित्यसंस्थेच्या धुरीणांनी आरंभी लॉटरीचाच मार्ग धरला होता. पण त्यातून पुरेसा पैसा जमला नाही. १८२१ मध्ये सुरू झालेले काम रेंगाळत गेले आणि अखेर सरकारी मदतीने, कर्नल टॉमस कौपर याच्या आराखड्यानुसार, १८३३ मध्ये ते तडीस गेले. त्याही इमारतीला डोरिक स्तंभ आहेत आणि त्याच उंच पायऱ्या आहेत. मात्र मुंबईच्या टाउन हॉलची ख्याती एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय म्हणून झाली. नाना शंकरशेट यांचा पुतळा तेथे विराजमान आहे तो ग्रंथांच्या सान्निध्यात. कलकत्त्याच्या टाउन हॉलच्या वाट्याला ग्रंथांऐवजी वक्ते आले. एकाच घराण्यातील दोन भावंडांपैकी एक विद्याव्यासंगी निघावे आणि दुसरे वादपटू, तसे हे झाले.

आरंभीच्या काळात या वास्तूचा कारभार एका समितीकडे होता. तळमजल्यावरील दालनातले पुतळे आणि मोठी तैलचित्रे पाहावयास सर्वसाधारण लोकांना मुभा होती. वरच्या मजल्यावर मात्र सरसकट प्रवेश नव्हता. सागवानी लाकडाची जमीन असलेले ते वरचे मोठे सभागृह हवे असेल, तर समितीकडे अर्ज करावा लागे. म्हणजे शहराच्या नावाने बांधलेल्या या घरात शहरातील बहुसंख्य माणसे केवळ प्रेक्षक होती. आणि त्यांनी पाहावयाचे काय, तर कॉर्नवॉलिस, वॉरन हेस्टिंग्ज आदी राज्यकर्त्यांचे संगमरवरी पुतळे. पुढे १९२१ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल खुले झाल्यावर असे अनेक पुतळे तिकडे गेले. टाउन हॉलच्या समोर लॉर्ड बेंटिंकचा पुतळा होता, तोही कालांतराने तेथेच नेण्यात आला. ज्यांच्या गौरवासाठी ही वास्तू सजविली गेली, ते अखेरीस तेथून स्थलांतरित झाले. तेथे जे बोलले गेले, त्याचे परिणाम मात्र देशभर पसरले.

टाउन हॉलमधील सभेला एक ठराविक रीत होती आणि तिचे महत्त्व ध्यानात घेतल्याशिवाय या वास्तूचा इतिहास कळणार नाही. काही प्रतिष्ठित नागरिकांनी सह्या करून शेरीफकडे विनंतीपत्र द्यावयाचे. शेरीफने वृत्तपत्रांत जाहिरात देऊन सभा बोलवावयाची. ठरल्या दिवशी अध्यक्षाची निवड व्हावयाची. एकाने ठराव मांडावयाचा, दुसऱ्याने त्यास अनुमोदन द्यावयाचे. कोणास दुरुस्ती सुचवावयाची असल्यास ती सुचवावयाची. मग मत घेऊन, समिती नेमून, गव्हर्नर जनरलकडे वा थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवावयाचा. ही रीत इंग्रजांनी आपल्याबरोबर आणली होती. ती त्यांनी भारतीयांना शिकविण्याचा संकल्प सोडला होता, असे मुळीच नाही. परंतु रीतीचा स्वभावच असा असतो की, ती एकदा सर्वांसमक्ष पाळली गेली म्हणजे तिच्यावर कोणाची मक्तेदारी राहत नाही. ठराव मांडण्याचा हक्क मांडणाऱ्याच्या वर्णावर अवलंबून आहे, असे कोठेही लिहिलेले नव्हते.

१५ डिसेंबर १८२९ रोजी टाउन हॉलमध्ये जी सभा झाली तीत कलकत्त्यातील इंग्रज व्यापाऱ्यांच्या बरोबरीने राममोहन रॉय आणि द्वारकानाथ ठाकूर हे बोलले. व्यापारावरील कंपनीची मक्तेदारी उठावी आणि युरोपियनांना भारतात वसाहत करण्यास मोकळीक मिळावी, या बाजूने ती सभा होती. आजच्या दृष्टीने ही मागणी विचित्र वाटेल. नीळवाल्या गोऱ्या मळेवाल्यांनी रयतेवर पुढे केलेले जुलूम ज्ञात असल्यावर तर ती खटकतेही. तथापि एतद्देशीय गृहस्थ सार्वजनिक व्यासपीठावर आपले मत स्वतःच्या नावाने मांडतो, ही घटना मताहूनही मोठी होती. राममोहन रॉय १८३३ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिस्टल येथे निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ एप्रिल १८३४ मध्ये याच सभागृहात सभा भरली. ५ जानेवारी १८३५ रोजी वृत्तपत्रांवरील निर्बंध रद्द व्हावेत या मागणीसाठी युरोपीय आणि भारतीय नागरिक येथे एकत्र आले. हिंदू कॉलेजचा विद्यार्थी आणि डेरोझिओचा अनुयायी रसिककृष्ण मल्लिक त्या सभेतील एक वक्ता होता. त्याच वर्षी मेटकाफने ते निर्बंध उठविले. सभेमुळेच ते उठले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; पण सभा भरवून मागणी करता येते आणि ती मान्यही होऊ शकते, हा अनुभव नवशिक्षित पिढीच्या पदरी पडला.

या अनुभवाचे रूपांतर आत्मविश्वासात कसे झाले, याचे उदाहरण म्हणजे रामगोपाल घोष. हाही डेरोझिओच्याच परंपरेतला, धंद्याने व्यापारी. १८४७ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंज याच्या स्मारकाविषयी टाउन हॉलमध्ये सभा भरली असता कलकत्त्याचे नामांकित इंग्रज बॅरिस्टर एका बाजूला आणि रामगोपाल दुसऱ्या बाजूला, असा सामना झाला. हार्डिंजचा पुतळा उभारावा, ही रामगोपालची सूचना होती. सभेने तीच उचलून धरली. एका तरुण बंगाल्याने तीन इंग्रज बॅरिस्टरांना चीत केल्याची चर्चा गोऱ्यांच्या वृत्तपत्रांतही झाली. वाद होता एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पुतळ्याचा, म्हणजे विषय राजनिष्ठेचाच. परंतु त्या निमित्ताने इंग्रजी भाषेत, इंग्रजी रीतीने आणि इंग्रजांच्या घरात त्यांच्यावर मात करता येते, हे सिद्ध झाले. १८५३ मध्ये कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाचा प्रश्न निघाला, त्या वेळी याच व्यासपीठावरून रामगोपालने भारतीयांना वरिष्ठ सरकारी नोकऱ्यांत प्रवेश मिळावा, अशी मागणी केली. सहा वर्षांत विषय पुतळ्यावरून अधिकारावर आला होता.

१८६७ मध्ये टाउन हॉल नगरपालिकेच्या ताब्यात आला आणि नावाप्रमाणे खरोखरच नगराचा झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच्या पायऱ्यांवर एक रक्तरंजित प्रसंग घडला. उच्च न्यायालयाची नवी गॉथिक इमारत तेव्हा बांधून होत होती. बेल्जियममधील ईप्र गावच्या क्लॉथ हॉलच्या धर्तीवर वॉल्टर ग्रॅनव्हिलने तिचा आराखडा केला होता. ती १८७२ मध्ये पुरी होईपर्यंत न्यायालयाचे काम टाउन हॉलमध्ये चाले. २० सप्टेंबर १८७१ रोजी कामावर येणाऱ्या प्रभारी मुख्य न्यायाधीश जॉन पॅक्स्टन नॉर्मन यांना पायऱ्यांवरच अब्दुल्ला नावाच्या माणसाने भोसकले; दुसऱ्या दिवशी ते मरण पावले. वहाबी खटल्यांशी या हत्येचा संबंध असावा, असा संशय त्या वेळी घेतला गेला. पुढे पाचच महिन्यांनी अंदमानात लॉर्ड मेयोचा खून झाला, तेव्हा राज्यकर्त्यांचा हा संशय आणखी बळावला. आत अर्ज आणि ठराव यांचे राजकारण चालत असता, त्या राजकारणात ज्यांना जागा नव्हती अशा असंतोषाचे अस्तित्व बाहेरच्या पायऱ्यांवर प्रकट झाले, असे या घटनेकडे पाहता येईल.

१८७० नंतर सभांचा सूर पालटला. याच सुमारास, २ एप्रिल १८७० रोजी, पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका, यांनी सभासदांसाठी लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रे आवश्यक ठरविली. आपण कोणाच्या वतीने बोलतो, या प्रश्नाला पुण्याने असे लेखी उत्तर दिले. कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये असे मुखत्यारपत्र नव्हते; जमलेला समुदाय हाच पुरावा होता. म्हणून तेथे समुदाय किती मोठा, या गोष्टीला महत्त्व येत गेले. आय. सी. एस. परीक्षेची वयोमर्यादा एकवीसवरून एकोणीसवर आणण्यात आली, तेव्हा २४ मार्च १८७७ रोजी इंडियन असोसिएशनच्या वतीने टाउन हॉलमध्ये निषेधसभा झाली. या परीक्षेत पहिला भारतीय म्हणून यशस्वी झालेले सत्येंद्रनाथ ठाकूर तेव्हा मुंबई इलाख्यात नोकरीस होते. पुढे साताऱ्यास न्यायाधीश म्हणून काम केलेल्या आणि तुकोबांचे अभंग बंगालीत नेणाऱ्या या अधिकाऱ्यासारखी माणसे यापुढे निपजू नयेत, असाच त्या नियमाचा परिणाम होणार होता. सभेतील ठराव घेऊन सुरेंद्रनाथ बॅनर्जी देशाच्या दौऱ्यावर निघाले आणि उत्तर हिंदुस्थानानंतर मुंबई-पुण्यासही आले. एका शहराच्या सभागृहातील ठराव गावोगावच्या सभांतून पुन्हा मांडला जाण्याचा हा जवळजवळ पहिलाच प्रसंग. १७ एप्रिल १८७८ रोजी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणाऱ्या कायद्याविरुद्धही येथेच सभा झाली.

व्यासपीठ सर्वांना खुले असते, तेव्हा त्याचा उपयोग कोणीही करू शकतो. २८ फेब्रुवारी १८८३ रोजी टाउन हॉल गोऱ्या रहिवाशांनी भरून गेला होता. युरोपीय आरोपींचे खटले भारतीय न्यायाधीशांपुढे चालविण्याची तरतूद असलेल्या इल्बर्ट विधेयकाला विरोध करण्यासाठी ही सभा होती आणि तीत ब्रॅन्सन नावाच्या बॅरिस्टरने भारतीयांविषयी अत्यंत हीन उद्गार काढले. जेथे अर्धशतकापूर्वी इंग्रज आणि भारतीय एकत्र येऊन वृत्तपत्रस्वातंत्र्य मागत होते, तेथे आता वर्णद्वेषाला टाळ्या मिळत होत्या. या आंदोलनापुढे सरकार नमले आणि विधेयक पातळ करून संमत झाले. भारतीयांनी त्यातून जो धडा घेतला तो दुहेरी होता. समतेचे आश्वासन किती पोकळ आहे हे त्यांना उमगले, आणि संघटित आरडाओरड्यापुढे सरकार वाकते हेही त्यांनी पाहिले. पुढे तीनच वर्षांनी, डिसेंबर १८८६ मध्ये, काँग्रेसचे दुसरे अधिवेशन याच टाउन हॉलमध्ये भरले. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत आदल्या वर्षी बहात्तर प्रतिनिधी जमले होते. कलकत्त्यात ती संख्या चारशेवर गेली. स्वागताध्यक्ष राजेंद्रलाल मित्र आणि अध्यक्ष दादाभाई नौरोजी. ब्रॅन्सनच्या भाषणाला मिळालेले याहून भारदस्त उत्तर कोणते?

यानंतर टाउन हॉल केवळ गाऱ्हाणी मांडण्याचे स्थान राहिले नाही. स्वामी विवेकानंदांनी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत केलेल्या कार्याबद्दल त्यांचे आणि अमेरिकन जनतेचे आभार मानण्यासाठी ५ सप्टेंबर १८९४ रोजी येथे सभा झाली. स्वामीजी तेव्हा परदेशातच होते. लेफ्टनंट गव्हर्नरच्या उपस्थितीत जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये येथेच विद्युत्-लहरींचा प्रयोग करून दाखविला. तारेचा कोणताही दुवा नसताना, भिंतीपलीकडे दूरवर घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. ज्या सभागृहाच्या भिंती परक्यांच्या कीर्तीने सजविल्या होत्या, तेथे आता स्वजनांच्या कर्तृत्वाचा गौरव होऊ लागला होता.

७ ऑगस्ट १९०५ हा या वास्तूच्या इतिहासातील सर्वांत मोठा दिवस. बंगालच्या फाळणीची घोषणा झाली होती. विद्यार्थ्यांच्या रांगाच्या रांगा कॉलेज स्क्वेअरकडून टाउन हॉलकडे चालत आल्या. कासिमबाजारचे महाराजा मणींद्रचंद्र नंदी अध्यक्षस्थानी होते. वरचे सभागृह भरले, तळमजला भरला, तरी माणसे मावेनात. तेव्हा बाहेर मैदानाच्या बाजूस आणखी एक सभा घ्यावी लागली. ‘इंडियन मिरर’चे संपादक नरेंद्रनाथ सेन यांनी बहिष्काराचा ठराव मांडला. फाळणीचा निर्णय मागे घेतला जात नाही तोवर ब्रिटिश माल विकत घेऊ नये, असा त्याचा आशय. ठरावाची भाषा जपून योजलेली होती, रीत जुनीच होती; अध्यक्ष, सूचक, अनुमोदक सर्व यथासांग होते. परंतु एक मूलभूत फरक पडला होता. याआधीचे ठराव सरकारला उद्देशून असत. हा ठराव लोकांना उद्देशून होता. सरकारने काय करावे याऐवजी लोकांनी काय करावे, हे त्यात सांगितले होते. अर्ज पाठविण्यासाठी घडविलेल्या साधनातून आज्ञा बाहेर पडली होती. पुढे त्याच महिन्यात, २५ ऑगस्टला, रवींद्रनाथ ठाकुरांनी ‘अवस्था ओ व्यवस्था’ हा निबंध येथे वाचला आणि देशाने सरकारकडे न पाहता आपली व्यवस्था आपणच लावावी, हे सूत्र विशद केले.

या ठरावाचे पडसाद महाराष्ट्रात तत्काळ उमटले. टिळकांच्या ‘केसरी’ने बहिष्काराचा पुरस्कार केला आणि ऑक्टोबरमध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. डिसेंबरमध्ये बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्वदेशीचा पुरस्कार केला आणि बंगालच्या बाबतीत बहिष्काराचे राजकीय शस्त्रही न्याय्य मानले. सार्वजनिक काकांनी तीस वर्षांपूर्वी पेरलेले स्वदेशीचे बीज पुण्यात होतेच, म्हणून कलकत्त्याची हाक येथे परकी वाटली नाही. दोन्ही प्रांतांना जोडणारा एक दुवा स्वतः कलकत्त्यातच होता. देवघर येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील सखाराम गणेश देऊस्कर हे बंगाली पत्रकार आणि लेखक म्हणून नावारूपास आले होते. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ स्वदेशी चळवळीच्या कार्यकर्त्यांच्या हाती सर्वत्र दिसे. सरकारने १९१० मध्ये तो जप्त केला. शिवाजी उत्सव बंगालमध्ये रुजविण्यात देऊस्करांचा वाटा मोठा, आणि रवींद्रनाथांची ‘शिवाजी उत्सव’ ही १९०४ ची कविता त्याच वातावरणात जन्मली. ज्या शहराने मराठ्यांच्या भयाने खंदक खणला होता, त्याने शिवाजी महाराजांना स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून स्वीकारावे, हा इतिहासाचा एक विलक्षण न्याय म्हटला पाहिजे.

मात्र या यशालाही दुसरी बाजू आहे. टाउन हॉलच्या पायऱ्या चढणारे लोक कोण होते? जमीनदार, वकील, संपादक, प्राध्यापक आणि विद्यार्थी. पूर्व बंगालमधील मुसलमान शेतकऱ्याला या भाषणांतील इंग्रजी कळत नव्हते आणि महाग स्वदेशी कापड परवडत नव्हते. फाळणीविरोधाची चळवळ त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा तिच्याबरोबर जमीनदाराचा दबावही पोचला. १९११ मध्ये फाळणी रद्द झाली. त्याच घोषणेने राजधानी दिल्लीस हलविण्याचेही ठरले. रवींद्रनाथ स्वतः बहिष्काराच्या सक्तीपासून लवकरच दूर झाले होते. २८ जानेवारी १९१२ रोजी बंगीय साहित्य परिषदेने त्यांच्या पन्नाशीनिमित्त टाउन हॉलमध्ये त्यांचा सत्कार केला. नोबेल पारितोषिक अद्याप पावणेदोन वर्षे दूर होते. परदेशी मान्यतेची वाट न पाहता एखाद्या भाषेने आपल्या कवीचा नागरी गौरव करावा, ही गोष्ट कोणत्याही साहित्यप्रेमी समाजाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९१९ च्या सुधारणांनंतर बंगालचे विधिमंडळ काही वर्षे टाउन हॉलमध्ये भरत असे. जेथे लोकांनी ठराव करावयाचे, तेथे आता निवडून आलेले प्रतिनिधी ठराव करू लागले. जानेवारी १९२५ मध्ये दडपशाहीचे विधेयक मांडले गेले तेव्हा आजारी चित्तरंजन दास यांना मतदानासाठी स्ट्रेचरवरून आणण्यात आले आणि विधेयक फेटाळले गेले. १९३१ मध्ये विधिमंडळ स्वतःच्या नव्या इमारतीत गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हिजली येथील बंदिवानांच्या छावणीत पोलिसांनी गोळीबार करून दोघांना ठार केले. निषेधसभा टाउन हॉलमध्ये ठरली होती. पण गर्दी इतकी लोटली की ती मैदानावर, ऑक्टरलोनी स्मारकाच्या पायथ्याशी न्यावी लागली. प्रकृती ठीक नसतानाही रवींद्रनाथ तेथे बोलले. डिसेंबरमध्ये त्यांच्या सत्तरीचा समारंभ पुन्हा टाउन हॉलमध्ये झाला आणि ‘गोल्डन बुक ऑफ टागोर’ हा गौरवग्रंथ त्यांना अर्पण करण्यात आला. सत्कारासाठी हे छत पुरेसे होते. संतापासाठी ते अपुरे पडू लागले होते. असहकाराच्या दशकानंतर राजकारण मैदानावर आले होते आणि मैदानावर अर्ज करून प्रवेश मिळवावा लागत नव्हता.

येथून या वास्तूची उतरंड सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिधावाटप खात्याच्या कचेऱ्या येथे आल्या. स्वातंत्र्यानंतर लोकसेवा आयोगापासून पालिकेच्या दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयापर्यंत नाना कार्यालयांनी दालने वाटून घेतली. मन मानेल तसे आडोसे उभे राहिले. जे घर सभेसाठी बांधले होते, तेथे फायली आणि कपाटे साठली. नव्वदच्या दशकात जीर्णोद्धाराची निकड मान्य झाली आणि १९९८ मध्ये वास्तू पूर्वरूपात उभी राहिली. पुढे २००२ मध्ये शहराच्या इतिहासाचे एक संग्रहालयही तळमजल्यावर मांडले गेले. महानगरपालिकेने पी. थंकप्पन नायर यांचा कलकत्त्याविषयीचा दुर्मीळ ग्रंथसंग्रह विकत घेऊन येथे ग्रंथालय थाटले. केरळातून १९५५ मध्ये टंकलेखक म्हणून आलेल्या आणि पुढे आयुष्यभर पायी हिंडून या शहराचा इतिहास लिहिलेल्या नायर यांचे २०२४ मध्ये निधन झाले. बंगाली मातृभाषा नसलेल्या एका परप्रांतीयाच्या हस्ते या वास्तूला तिच्या भूतकाळाचे ग्रंथ परत मिळाले, आणि मुंबईच्या भावंडाशी असलेले तिचे ग्रंथांचे नाते उशिरा का होईना जुळले.

टाउन हॉल ही एका वर्गाने आपल्यासाठी बांधलेली, दुसऱ्या वर्गाने हस्तगत केलेली आणि तिसऱ्या, सर्वांत मोठ्या, वर्गाने बाहेरून पाहिलेली वास्तू आहे. तिचे स्तंभ जपणे आवश्यक आहे आणि ते जपले गेले, ही समाधानाची बाब. परंतु त्याहून अधिक जपण्याजोगी आहे ती तेथील सभेची रीत. विरोधकाने ठरावास दुरुस्ती सुचवावी, ती ऐकून घेतली जावी, मत मोजले जावे आणि निकाल मान्य व्हावा, ही शिस्त १८४७ मध्ये रामगोपाल घोषाने वापरली, १९०५ मध्ये नरेंद्रनाथ सेनांनी वापरली आणि १९२५ मध्ये स्ट्रेचरवर पडलेल्या चित्तरंजन दासांनी वापरली. मैदानावरच्या विराट सभेने तिच्यात लाखोंचा आवाज मिळविला. पण दुरुस्तीसूचना मांडण्याची सोय मैदानावर नव्हती. सर्वांना सामावून घेणारी आणि तरीही प्रत्येकाला बोलू देणारी सभा कशी असावी, हा प्रश्न गार्स्टिनच्या त्या सागवानी जमिनीवर प्रथम उभा राहिला. या देशातील प्रत्येक ग्रामसभेत आणि नगरपालिकेत तो अजूनही विचारला जात आहे.